येऊ घातलेला खेळ आणि घरात येणारा लॅपटॉप

घरात मोठ्या किमतीची वस्तू आणण्याचा प्रसंग आला म्हणजे त्या घराचा स्वभाव प्रकट होतो, असे आमचे वडील म्हणत असत. त्यांच्या काळी हा प्रसंग शिलाईच्या यंत्रामुळे किंवा रेडिओमुळे येई. शिलाईचे यंत्र घ्यावयाचे झाले, तर घरातील माउलीला त्यातले सर्व काही समजत असे. ती दुकानात चाक फिरवून पाही, चिंधीवर टाका घालून पाही आणि मगच होकार देई. आज तोच प्रसंग लॅपटॉपच्या निमित्ताने घरोघर येतो. परंतु पैसे मोजणाऱ्या आईबापांना त्या यंत्राच्या पोटात काय आहे हे ठाऊक नसते, आणि ज्या मुलाला थोडेफार ठाऊक असते त्याच्यापाशी पैसे नसतात. त्यातून मुलाच्या मनात एखादा असा खेळ भरलेला असतो, की जो अजून बाजारात यावयाचा आहे. मग तर निवड अधिकच अवघड होते. कारण जो खेळ कुणी खेळलेला नाही, तो कोणत्या यंत्रावर धावेल हे सांगणार कोण?

या प्रश्नाचे उत्तर आमच्या कुटुंबाला दोनदा शोधावे लागले. पहिल्या वेळी आम्ही चुकलो. दुसऱ्या वेळी बव्हंशी बरोबर ठरलो. दोन्ही वेळची हकिकत येथे देत आहोत. कारण असाच प्रसंग वाचकांपैकी अनेकांच्या दारात आज ना उद्या उभा राहणार आहे.

पहिली खरेदी

आमचे थोरले बंधू बडोद्यास राहतात. २०१६ साली त्यांचा मुलगा बारावी उत्तीर्ण होऊन अभियांत्रिकीच्या महाविद्यालयात दाखल झाला. अभ्यासासाठी लॅपटॉप हवाच होता. त्याच वर्षी मे महिन्यात ‘सिव्हिलायझेशन’ या विख्यात खेळाच्या सहाव्या भागाची घोषणा झाली होती, आणि तो २१ ऑक्टोबर रोजी बाजारात यावयाचा होता. मुलाने वडिलांना मोकळेपणाने सांगितले, “बाबा, अभ्यास तर करीनच, पण हा खेळ चालेल असे यंत्र मिळाले तर फार बरे होईल.” बंधूंनी जुनी स्कूटर बदलण्यासाठी काही रक्कम बाजूला ठेवली होती. ती त्यांनी काढली, आणि ऑगस्टमधील एका रविवारी आम्ही तिघे दुकानात गेलो.

दुकानदाराने प्रथम रक्कम विचारली. पंचावन्न हजार, असे कळताच त्याने रुपेरी रंगाचे, सडपातळ बांध्याचे एक देखणे यंत्र आमच्यापुढे ठेवले. “आय-सेव्हन आहे, साहेब. याच्या वर काही नाही.” आय-सेव्हन हा शब्द आम्ही ऐकून होतो, तो सर्वांत वरचा असतो एवढेच आमचे ज्ञान. मुलाने हळूच विचारले, “यात वेगळे ग्राफिक्स कार्ड आहे का?” दुकानदार हसून म्हणाला, “आय-सेव्हनमध्ये सगळे आतच असते.” हे उत्तर शब्दशः खोटे नव्हते. मुलगा आणखी काही विचारणार, तोच आम्ही त्याला म्हणालो, “अरे, सर्वांत वरचे आहे म्हणतात ना? मग शंका कशाला काढतोस?” तो गप्प बसला. ती चूक दुकानदाराची कमी आणि आमचीच अधिक, हे येथे नमूद केले पाहिजे.

ऑक्टोबर महिना उजाडला; खेळ आला. बंधूंनी विचारले तेव्हा मुलगा म्हणाला, “छान चालतो, बाबा.” आम्ही सारे समाधान पावलो. बंधू त्याच जुन्या स्कूटरवरून आणखी तीन वर्षे कचेरीत जात राहिले. ‘छान चालतो’ या शब्दांमागे काय दडले होते, हे आम्हांला पुढे आठ वर्षांनी कळले. ते योग्य ठिकाणी सांगू. तत्पूर्वी हा खेळ कसा असतो, आणि त्याला यंत्राकडून नेमके काय हवे असते, हे पाहणे अवश्य आहे.

डावपेचांचा खेळ

डावपेचांचा खेळ आपल्याला नवा नाही. प्राचीन भारतातील चतुरंग हा बुद्धिबळाचा पूर्वज मानला जातो. पायदळ, घोडदळ, हत्ती आणि रथ ही सेनेची चार अंगे त्याच्या पटावर होती. आजचे संगणकावरील डावपेचांचे खेळ त्याच कुळातले. त्यांपैकी ‘सिव्हिलायझेशन’चा पहिला भाग सिड मायर यांनी अमेरिकेत ब्रूस शेली यांच्या साहाय्याने तयार केला आणि तो १९९१ साली प्रसिद्ध झाला. खेळाडूने इसवी सनापूर्वी ४००० या वर्षी एक लहानशी वसाहत स्थापावयाची, शेती वाढवावयाची, नगरे वसवावयाची, विद्या मिळवावयाच्या, शेजाऱ्यांशी तह किंवा युद्ध करावयाचे, आणि शतकांमागून शतके ओलांडीत आधुनिक काळापर्यंत पोहोचावयाचे, असा त्याचा विस्तार आहे. एक डाव पुरा होण्यास कित्येक तास लागतात. शाळकरी मुलांचे तर आठवडे जातात.

येथे एक मर्म आहे, आणि ते न ओळखल्यामुळे पुष्कळ लोक चुकीचे यंत्र घेऊन येतात. मोटारींच्या शर्यतीच्या किंवा बंदुकीच्या खेळात पडद्यावरील चित्र क्षणाक्षणाला बदलते. तेथे चित्र रेखाटण्याच्या वेगावर सारे अवलंबून असते. ‘सिव्हिलायझेशन’मध्ये बुद्धिबळाप्रमाणे पाळीपाळीने चाली होतात. चित्र किंचित संथ झाले तरी हार होत नाही. परंतु आपली चाल संपली, की संगणकाच्या हाती असलेल्या प्रत्येक प्रतिस्पर्धी राष्ट्राची चाल सुरू होते. त्यांची नगरे, सैन्ये, रस्ते, वैरे आणि तह या सर्वांचा हिशेब यंत्राला करावा लागतो. डावाच्या आरंभी हा हिशेब चुटकीसरशी होतो. दोनशे चालींनंतर, पृथ्वी नगरांनी भरून गेली म्हणजे, तोच हिशेब लांबत जातो आणि खेळाडू पडद्याकडे पाहत बसून राहतो. म्हणून अशा खेळाची खरी कसोटी पहिल्या तासात होत नसून डावाच्या उत्तरार्धात होते.

डावपेचांच्या खेळांची दुसरीही एक जात आहे. ‘एज ऑफ एम्पायर्स’सारख्या खेळांत पाळी नसते; सर्वांच्या हालचाली एकाच वेळी चालू असतात. तेथे चित्राचा वेग आणि हिशेबाचा वेग ही दोन्ही हवीत. यास्तव मुलाने खेळाचे नाव सांगितले, तर प्रथम त्याला हे विचारावे, की हा पाळीचा खेळ की अखंड चालणारा?

यंत्राच्या पोटातील चार भाग

लॅपटॉपची रचना समजण्यासाठी लग्नाच्या पंगतीचे उदाहरण पुरेसे आहे. प्रोसेसर म्हणजे आचारी. सारा विचार आणि सारे काम त्याचे. रॅम म्हणजे त्याच्या पुढचा ओटा. ओटा जितका ऐसपैस, तितके जिन्नस एकाच वेळी हाताशी राहतात. एसएसडी म्हणजे कोठीची खोली. सामान साठविण्याची जागा. आणि ग्राफिक्स कार्ड म्हणजे वाढपी. पडद्यावर सेकंदाला तीस किंवा साठ ताटे त्याला वाढावयाची असतात.

आता दुकानदाराच्या ‘सगळे आतच असते’ या वाक्याचा अर्थ उलगडेल. साध्या लॅपटॉपमध्ये वेगळा वाढपी नसतो. प्रोसेसरच्याच अंगात एक लहानसा ग्राफिक्सचा भाग बसविलेला असतो. तो आचाऱ्याच्याच ओट्यावर आपली ताटे मांडतो आणि त्याच्याच शिध्यात वाटेकरी होतो. पत्रे लिहिणे, हिशेब ठेवणे, चित्रपट पाहणे यांसाठी एवढे पुष्कळ झाले. परंतु मोठ्या खेळाची पंगत बसली, की दोघांचीही तारांबळ उडते. वेगळे ग्राफिक्स कार्ड असलेल्या यंत्रात त्या कार्डाला स्वतःची निराळी स्मृती असते, आणि आचारी आपल्या कामाला मोकळा राहतो.

आमच्या पुतण्याच्या यंत्रात ‘आय७-६५००यू’ हा प्रोसेसर होता. नाव आय-सेव्हन खरे. पण त्यात कोअर दोनच, आणि शेवटचे ‘यू’ हे अक्षर कमी विजेवर चालणाऱ्या जातीचे चिन्ह. त्याची नेमलेली वीज १५ वॅट. त्याच वर्षी बाजारात ‘आय७-६७००एचक्यू’ असाही प्रोसेसर मिळत होता. त्यात कोअर चार, आणि वीज ४५ वॅट. दोन्ही आय-सेव्हनच! कुळ एक, आडनाव एक. पण एक बंधू कारकून आणि दुसरा पैलवान. आम्ही आडनाव पाहिले आणि घरी आलो.

यादी वाचावी कशी

खेळ तयार करणारे प्रकाशक बहुधा खेळ येण्यापूर्वीच एक यादी प्रसिद्ध करतात. तीत दोन रकाने असतात: एक किमान यंत्राचा, दुसरा शिफारस केलेल्या यंत्राचा. किमान याचा अर्थ ‘चालेल’ एवढाच. ‘आनंदाने चालेल’ असा नव्हे. घरातील माणसांनी दुसरा रकाना वाचावा, आणि पहिला केवळ धोक्याची रेषा म्हणून ध्यानात ठेवावा.

सहाव्या भागाच्या यादीत किमान ४ जीबी रॅम होती आणि शिफारस ८ जीबीची होती; शिवाय शिफारशीच्या रकान्यात २ जीबी स्वतंत्र स्मृती असलेले ग्राफिक्स कार्ड सांगितले होते. पुतण्याच्या यंत्राची रॅम दुसऱ्या रकान्यात बसत होती. परंतु वेगळे ग्राफिक्स कार्ड मुळातच नव्हते. यादी पाहिली असती, तर पाच मिनिटांत हे कळले असते. ती पाहण्याचे आमच्यापैकी कुणाच्या मनात आले नाही.

सातवा भाग ११ फेब्रुवारी २०२५ रोजी प्रसिद्ध झाला. त्याच्या यादीतील किमान रकान्यात इंटेलचा ‘आय३-१०१००’ प्रोसेसर, ८ जीबी रॅम आणि एनव्हिडियाचे ‘जीटीएक्स १०५०’ कार्ड होते. शिफारशीच्या रकान्यात ‘आय५-१०४००’, १६ जीबी रॅम आणि ‘आरटीएक्स २०६०’ होते. कोठीची जागा दोन्हींकडे २० जीबी. पहिल्या रकान्याचा हिशेब सेकंदाला तीस चित्रांचा, दुसऱ्याचा साठ चित्रांचा. येथे एक मौजेची गोष्ट दिसते. ‘जीटीएक्स १०५०’ हे कार्ड बाजारात आले ते ऑक्टोबर २०१६ मध्ये; म्हणजे ज्या महिन्यात सहावा भाग आला, त्याच महिन्यात! आठ वर्षांनंतरही सातव्या भागाने त्याला पंगतीतून उठविले नाही. डावपेचांच्या खेळासाठी बाजारातील सर्वांत नवे आणि सर्वांत महाग यंत्र लागते, ही समजूत किती पोकळ आहे, हे यावरून दिसून येईल.

याच्या उलटही उदाहरण आहे. २०२१ साली ‘एज ऑफ एम्पायर्स’चा चौथा भाग आला. त्याच्या किमान यादीत ‘इंटेल एचडी ५२०’ हे नाव होते. म्हणजे पुतण्याच्या यंत्रातील तोच अंगभूत ग्राफिक्सचा भाग, ज्याला आम्ही पाच वर्षे निरुपयोगी ठरविले होते. यावरून बोध असा, की यंत्र चांगले की वाईट हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या खेळासाठी, हे कळल्यावाचून त्याला उत्तर नाही.

नाव एक, बळ वेगळे

यादी हाती आली तरी एक अडचण उरते. तीत लिहिलेली नावे बहुधा टेबलावरच्या मोठ्या संगणकाच्या भागांची असतात. लॅपटॉपमध्ये त्याच नावाचे ग्राफिक्स कार्ड असले, तरी त्याचे बळ तेवढेच असेल असे नाही. उदाहरणार्थ, मोठ्या संगणकासाठीच्या ‘आरटीएक्स ४०७०’ कार्डात १२ जीबी स्मृती आहे, तर लॅपटॉपमधील त्याच नावाच्या कार्डात ८ जीबी. एवढेच नव्हे, तर दोन लॅपटॉपमधील एकाच नावाची कार्डेही सारखी नसतात. लॅपटॉपसाठीचे ‘आरटीएक्स ४०५०’ कार्ड ३५ वॅटपासून ११५ वॅटपर्यंत कितीही विजेवर चालविण्याची मुभा यंत्र बनविणाऱ्यास असते. सडपातळ यंत्रात ते अर्धपोटी राहते. जाड यंत्रात भरपेट जेवते. तो आकडा दर्शनी पट्टीवर नसतो. बनविणाऱ्याच्या सविस्तर माहितीपत्रकात तो शोधावा, आणि तेथे न सापडल्यास त्याच यंत्राच्या एखाद्या तपशीलवार परीक्षणात पाहावा.

या विजेची उष्णता होते, आणि ती बाहेर काढण्यासाठी पंखे व झरोके लागतात. बडोदे, हैदराबाद किंवा ग्वाल्हेर येथील मे महिना ज्यांनी सोसला आहे, त्यांना याविषयी अधिक सांगावयास नको. यंत्र तापले म्हणजे ते स्वतःच्या रक्षणासाठी आपला वेग कमी करते. मग किमतीचे सारे बळ वाया जाते. डावपेचांचा खेळ तासन्‌तास चालणारा असल्यामुळे ही गोष्ट येथे विशेष महत्त्वाची आहे. गादीवर किंवा उशीवर यंत्र ठेवून खेळू नये. खालचे झरोके बुजतात. यास्तव दोन किलोंपेक्षा थोडे जड असलेले यंत्र पाहून मुलांनी नाक मुरडू नये. खेळाच्या बाबतीत जाडी हा दोष नव्हे.

दुसरी खरेदी

जून २०२४ मध्ये सातव्या भागाची घोषणा झाली. पुतण्याची धाकटी बहीण त्याच वर्षी महाविद्यालयात गेली. तिला इतिहासाचे वेड. आणि या भागात सम्राट अशोक हे एक नेते असून मौर्य, चोल आणि मोगल या तिन्ही राजवटी खेळावयास मिळणार, हे कळल्यापासून तिला दुसरे काही सुचेना. तिने वडिलांपाशी लॅपटॉपची गोष्ट काढली ती दिवाळीत. बंधू आता सेवानिवृत्त झालेले. पुतण्या पुण्याच्या नोकरीतून सुट्टीवर आलेला होता. आम्हीही फराळाला गेलो होतो.

बंधू म्हणाले, “दादाला घेतला होता तसाच हिला घेऊ. त्याचा छान चालला.”

पुतण्या थोडा वेळ बोलला नाही. मग हातातली बशी खाली ठेवून म्हणाला, “बाबा, तो खेळ त्या यंत्रावर कधी नीट चाललाच नाही. पहिल्या शंभर चालींपर्यंत कसाबसा चाले. पुढे एकेका चालीला इतका वेळ लागे, की मी मध्येच पुस्तक वाचीत बसे. यंत्र तापून पंखा ओरडू लागे. महिनाभरात मी सोडून दिला. तुम्ही स्कूटर न घेता मला यंत्र घेतलेत. मग सांगणार कसे?”

आम्ही मान खाली घातली. कारण दुकानात त्याचा प्रश्न तोडणारे आम्हीच होतो. बंधू मात्र शांत होते. ते म्हणाले, “मला ठाऊक होते. तू दर शनिवारी खेळायला मित्राकडे जात होतास. घरी चालत असता, तर कशाला गेला असतास? तुला वाईट वाटेल म्हणून मी विचारले नाही.”

वाचकहो, एका घरात बाप आणि मुलगा आठ वर्षे एकमेकांचे मन राखण्यासाठी एकच गोष्ट एकमेकांपासून लपवीत होते! त्यात प्रेम होते, हे खरे. परंतु खरेदीनंतर पहिल्या आठवड्यातच ती गोष्ट बोलली गेली असती, तर कदाचित यंत्र बदलूनही मिळाले असते. आणि नसते मिळाले, तरी मनावरचे ओझे हलके झाले असते.

त्या दिवसापासून खरेदीची सूत्रे धाकटीच्या हाती दिली. वडिलांनी सत्तर हजारांची मर्यादा घातली आणि एकच अट ठेवली: जे यंत्र निवडशील, त्याचे कारण मला समजेल अशा भाषेत सांगावे. पुतण्याने तिला जुन्या यंत्रात एसएसडी बसवून दिली. त्यामुळे महाविद्यालयाचे काम अडले नाही आणि घाई करण्याचे कारण उरले नाही. सहाव्या भागातच यंत्राची परीक्षा घेण्याची सोय आहे; एक परीक्षा चित्राच्या वेगाची, दुसरी चालीच्या हिशेबाला लागणाऱ्या वेळेची. ती जुन्या यंत्रावर घेऊन दोघांनी उणीव कोठे आहे हे वडिलांना पडद्यावर दाखविले. बंधू गमतीने म्हणाले, “दुखणे आठ वर्षांनी तपासले, पण तपासले.”

धाकटीने खेळाची आगाऊ नोंदणी केली नाही. फेब्रुवारीत खेळ प्रसिद्ध झाल्यावर तिने दोन आठवडे इतरांचे अनुभव वाचले. आरंभी खेळाच्या पडद्यावरील मांडणीविषयी अनेकांनी तक्रारी केल्या. परंतु तिच्या बेताच्या यंत्रांवर तो चालतो, हेही अनेकांनी लिहिले. मग तिने एका वहीत यादीचा दुसरा रकाना उतरवून त्याच्यापुढे तीन यंत्रे मांडली. अखेर सहा कोअरचा प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी आणि ‘आरटीएक्स ४०५०’ कार्ड असलेले यंत्र तिने निवडले. किंमत मर्यादेपेक्षा दीड हजार अधिक झाली. ते तिने स्वतःच्या साठवणीतून घातले. या वेळी दुकानात आम्ही तोंड उघडले नाही; प्रश्न तिनेच विचारले.

दुकानात जाण्यापूर्वी

या अनुभवातून जे शहाणपण मिळाले, ते थोडक्यात सांगतो.

खेळ यावयाचा असेल, तर अधिकृत यादी प्रसिद्ध होईपर्यंत यंत्र घेऊ नये. आणि शक्य तर खेळ आल्यानंतर दोन आठवडे थांबावे. थांबण्याने खेळ पळून जात नाही. अभ्यासासाठी यंत्र आधीच हवे असेल, तर आधीच्या भागाच्या शिफारशीपेक्षा एक पायरी वरचे घ्यावे.

पैसे थोडे असतील, तर ते प्रथम वेगळ्या ग्राफिक्स कार्डावर आणि १६ जीबी रॅमवर खर्च करावेत. पाळीच्या खेळासाठी प्रोसेसर चांगला असावा. त्याच्या नावातील शेवटचे अक्षर पाहावे, ‘यू’ असेल तर सावध व्हावे. रंगीबेरंगी दिव्यांची कळपट्टी आणि कागदासारखा पातळ बांधा यांवर एक पैसाही घालवू नये.

बहुतेक लॅपटॉपमध्ये ग्राफिक्स कार्ड मागाहून बदलता येत नाही. प्रोसेसरही बहुतेक यंत्रांत जोडूनच टाकलेला असतो. रॅम आणि एसएसडी मात्र पुष्कळ यंत्रांत वाढविता येतात. म्हणून जे बदलता येणार नाही ते आजच चांगले घ्यावे. जे वाढविता येईल ते उद्यावर सोडावे. रॅमची दुसरी खाच रिकामी आहे काय, हा प्रश्न दुकानात अवश्य विचारावा.

यंत्र बॅटरीवर खेळू लागल्यास त्याचे बळ घटते; मोठ्या खेळासाठी चार्जर जोडलेलाच हवा. तो चार्जर चांगला वजनदार असतो, हे रोज महाविद्यालयात यंत्र नेणाऱ्याने लक्षात घ्यावे. दुरुस्तीचे केंद्र आपल्या गावात आहे की शंभर कोसांवर, याचीही चौकशी करावी.

खेळ ‘स्टीम’ या दुकानावरून घेतल्यास, खरेदीपासून चौदा दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी खेळला असल्यास पैसे परत मागता येतात. ही सोय चांगली आहे; तथापि डावाचा उत्तरार्ध दोन तासांत येत नाही, हे आम्ही वर सांगितलेच आहे. तो उत्तरार्ध कसा चालतो, हे ज्यांनी पुरा डाव खेळला आहे त्यांच्याकडूनच कळेल.

आणि अखेरची गोष्ट आईबापांसाठी. मुलाला खेळ हवा असेल, तर त्याने अभ्यासाचे निमित्त पुढे करण्याची वेळ आपण त्याच्यावर आणू नये. ‘मला खेळासाठी हवा’ असे ज्या घरात मूल निर्भयपणे म्हणू शकते, त्याच घरात ते पुढे ‘हा नीट चालत नाही’ असेही म्हणू शकते. दुकानात मूल प्रश्न विचारीत असेल, तर त्याला गप्प करू नये. त्या घटकेला तेच आपल्यापेक्षा जाणते असते.

परवा आम्ही बडोद्यास गेलो होतो. रात्रीची जेवणे झाल्यावर धाकटी वडिलांना पडद्यावर मौर्यांचे नगर दाखवीत होती. बंधूंनी चष्मा सारखा करून विचारले, “आता किती चाली झाल्या?” ती म्हणाली, “एकशे ऐंशी.” “आणि अजून थांबत नाही?” “नाही, बाबा.” बंधूंनी यंत्राच्या बाजूला हात लावून ते किती तापले आहे हे पाहिले आणि समाधानाने मान हलविली. मग ते म्हणाले, “पुढच्या शनिवारी दादा येईल तेव्हा त्यालाही खेळायला बसव. त्याचा तो जुना डाव अर्धाच राहिला आहे.”